सभेत उभे राहणाऱ्याचा शब्द

वचन : गणना 27:1-11; यहोशवा 17:3-4



आपल्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत सभेवाचून महिना जात नाही. कधी ग्रामसभा असते, कधी महिला सभा, कधी बचतगटाची बैठक, कधी शाळेच्या समितीची, आणि कधी आपल्या मंडळीच्या पंचांची. पाण्याची टाकी कोठे बांधावी, रस्ता कोणत्या वस्तीपर्यंत न्यावा, दफनभूमीला कुंपण घालावे की नाही, कोणाचे नाव घरकुलाच्या यादीत धरावे, ह्या गोष्टी अशाच ठिकाणी ठरतात, आणि एकदा ठरल्या म्हणजे पुष्कळ वर्षे तशाच राहतात.

अशा सभेत आपली माणसे जातात, हे आम्ही पाहिले आहे. ती मागे, जोड्यांच्या ढिगाऱ्याजवळ बसतात. पुढचे लोक बोलतात ते ऐकतात. वही फिरत आली म्हणजे सही करितात किंवा अंगठा उठवितात, आणि उठून घरी येतात. मग वाटेवर त्यांना वाचा फुटते. टाकी चुकीच्या जागी जात आहे, उतार उलट आहे, आपल्या वस्तीला पाणी चढणारच नाही, असे एकजण म्हणतो, आणि ते अगदी खरे असते. परंतु ज्यांनी ते ऐकावयास पाहिजे होते ते आता तेथे नसतात. मौन ही संमती मानण्याची रीत फार जुनी आहे. सभेत जो गप्प बसला त्याची संमती वहीत लिहिली गेली, आणि वाटेवर तो जे बोलला ते वाऱ्यावर गेले.

म्हणून कामकाजाच्या सभेत कसे बोलावे, आणि कोणाच्या बोलण्याला वजन येते, ह्या विषयावर आज आपण पवित्र शास्त्राच्या आधारे विचार करू. कोणी म्हणेल, हा विषय उपासनेचा नव्हे. परंतु शेजाऱ्याच्या घागरीत पाणी पडणे किंवा न पडणे हे ज्या शब्दावर अवलंबून आहे, तो शब्द देवापुढे लहान कसा असेल?

गावात आपण म्हणतो की अमक्याच्या शब्दाला वजन आहे. ते वजन कशाचे, असे विचारले तर उत्तर येते, जमिनीचे, भाऊबंदांचे, पैशाचे. हे पुष्कळ अंशी खरे आहे, व ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्यांच्यापाशी ह्यांपैकी काहीच नव्हते अशा पाच बहिणी एका मोठ्या सभेत उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या शब्दावरून एका राष्ट्राचा कायदा बदलला. त्यांची हकीकत गणनेच्या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात आहे.

त्यांची नावे महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. बाप सलाफहाद रानात मरण पावला होता. त्याला मुलगा नव्हता. नुकतीच सर्व इस्राएलाची मोजणी झाली होती आणि त्या मोजणीप्रमाणे वचनदत्त देशाची वाटणी व्हावयाची होती. वाटणी पुरुषांच्या नावे होणार, म्हणून सलाफहादाच्या घराला वाटा मिळणार नव्हता. ह्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. रीतच तशी होती. जे अन्याय रीतीतून होतात त्यांचे असेच असते, ते करणारा कोणी दिसत नाही, आणि ज्याला सोसावे लागते त्याने सांगितल्यावाचून ते कोणाच्या ध्यानात येत नाहीत. मोशेसारख्या देवाच्या माणसाच्याही ध्यानात हे आले नव्हते.

आता त्या बहिणींनी काय केले ते पाहा. त्या आपल्या तंबूत कुरकुरत बसल्या नाहीत. मोशे, एलाजार याजक, सरदार व सर्व मंडळी जेथे जमली होती तेथे, दर्शनमंडपाच्या दारापाशी, त्या जाऊन उभ्या राहिल्या. पाचजणी एक विचार करून आल्या. त्यांचे सारे भाषण शास्त्राच्या दोनच ओव्यांत मावते. आमचा बाप रानात मेला. तो कोरहाच्या बंडात नव्हता, स्वतःच्या पापाने मेला. त्याला मुलगा नाही. एवढ्यावरून त्याचे नाव कुळातून का जावे. आम्हांस त्याच्या भावांबरोबर वतन द्यावे. एवढेच त्या बोलल्या. बाप पुण्यवान होता असे त्यांनी म्हटले नाही, तोही पापी होता हे त्यांनी लपविले नाही. मोशेवर आरोप केला नाही, आणि आपल्या गरिबीचे रडगाणेही गाइले नाही. जे घडले ते सांगितले, कारण विचारले, आणि काय पाहिजे ते नेमके मागितले.

मोशेने ते प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने त्या योग्य बोलत आहेत असा निवाडा दिला. एवढ्यावर गोष्ट थांबली नाही. ज्या ज्या घरी मुलगा नसेल त्या त्या घरी मुलीला वतन मिळावे, असा नियम सर्वांसाठी झाला. ज्या मुली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांना ह्या पाचजणींच्या बोलण्याचे फळ मिळाले. बंधुभगिनींनो, सभेतील बोलण्याचा खरा प्रभाव ह्यालाच म्हणावे. टाळ्या पडल्या किंवा नाही हे शास्त्राने लिहून ठेविले नाही, नियम झाला हे मात्र लिहिले आहे.

ह्या हकीकतीवरून व शास्त्रातील इतर स्थळांवरून आपण पाच गोष्टी शिकू.

पहिली गोष्ट, पाहून बोलावे. नहेम्या यरुशलेमेस आला तेव्हा आल्याबरोबर त्याने सभा बोलाविली नाही. तीन दिवस राहून तो रात्री थोडी माणसे घेऊन निघाला, आणि पडलेला कोट व जळालेल्या वेशी त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. एका ठिकाणी तर त्याच्या जनावराला पुढे जावयास वाट नव्हती, इतका तो ढिगाऱ्यांतून फिरला. मग तो लोकांपुढे बोलला, आणि लोक उठून कामाला लागले. ज्याने कोट पाहिला आहे त्याच्या बोलण्यात, ज्याने पाहिला नाही त्याच्या बोलण्यापेक्षा निराळे बळ असते, मग आवाज कोणाचाही मोठा असो.

ह्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आलेला भूकंप आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवतो. लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आपल्या जिल्ह्यातील सास्तूर आणि त्यांच्या आसपासची गावे क्षणात पडली, व हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदांखाली गेली. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे मोठे काम सरकारने हाती घेतले. गावोगाव इंजिनियर व अधिकारी येऊ लागले, सभा होऊ लागल्या. आरंभी त्या सभांत पुरुष बोलत व बाया उंबऱ्याआड उभ्या राहत. परंतु भिंत कोठे फुगली आहे, चूल कोठे असावी, पावसात पाणी कोठून घरात येते, हे त्या घरात राबणाऱ्या बायांना जितके ठाऊक होते तितके कोणाला ठाऊक नव्हते. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या साहाय्याने लातूर व धाराशिव ह्या दोन जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतील बायांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. त्यांनी घरोघर जाऊन सरकारचे नियम समजावून सांगितले, लोकांच्या अडचणी ऐकून घेतल्या, भूकंपात टिकणारे बांधकाम कसे करावे हे शिकून घेतले, आणि जे पाहिले ते सभेत अधिकाऱ्यांपुढे मांडले. ज्या बायांनी कधी चारचौघांत तोंड उघडले नव्हते त्या बोलू लागल्या, कारण त्यांच्यापाशी सांगण्याजोगे काही होते. पुढे 26 जानेवारी 2001 रोजी गुजरातेत भूकंप झाला, तेव्हा ह्याच भागातील बाया तेथे गेल्या आणि तेथील भगिनींना त्यांनी आपला अनुभव सांगितला.

तेव्हा उपदेशकबंधूंनो, बोलण्याची भीती घालविण्याचा पहिला उपाय भाषण पाठ करणे हा नव्हे. आधी वस्तीतून फिरावे. किती घरे, किती माणसे, नळ केव्हापासून बंद, विहीर किती पावलांवर, हे स्वतः मोजावे. मोजलेले सांगताना जीभ अडखळली तरी आकडा अडखळत नाही.

दुसरी गोष्ट, ऐकून बोलावे. ऐकण्यापूर्वी उत्तर देणे हा मूर्खपणा होय असे नीतिसूत्रांच्या 18 व्या अध्यायात शिकविले आहे, आणि त्याच अध्यायात असेही आहे की वादात पहिल्याने बोलणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करितो. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या 15 व्या अध्यायातील यरुशलेमेची सभा पाहा. प्रश्न मोठा होता व वादविवाद पुष्कळ झाला. पेत्र बोलला, मग सर्व समुदाय गप्प राहिला आणि बर्णबा व पौल ह्यांनी काय काय घडले ते सांगितले. याकोब शेवटी बोलला. सर्वांचे ऐकून त्याने असा निर्णय सुचविला की जो दोन्ही बाजूंना मान्य व्हावा. जो शेवटपर्यंत ऐकतो त्याला सभा कोठे अडली आहे ते कळते, आणि त्याचे एकच वाक्य गाठ सोडविते.

सलाफहादाच्या मुलींच्या हकीकतीतही हे आहे. गणनेच्या 36 व्या अध्यायात त्यांच्या कुळातील वडील आपली अडचण घेऊन आले. ह्या मुलींनी दुसऱ्या वंशात लग्ने केली तर आमच्या वंशाची जमीन त्या वंशात जाईल, असे ते म्हणाले. तेव्हा त्यांचेही म्हणणे योग्य ठरविले गेले, आणि मुलींनी ते मानले. आपल्या म्हणण्यात न्याय आहे एवढ्यावरून दुसऱ्याच्या म्हणण्यात न्याय नाहीच असे समजू नये.

तिसरी गोष्ट, नेमके मागावे. राजाने नहेम्याला काय पाहिजे म्हणून विचारले तेव्हा त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मग किती काळ लागेल तो सांगितला, नदीपलीकडील अधिकाऱ्यांच्या नावे पत्रे मागितली, आणि वेशींच्या तुळयांसाठी लाकूड कोणाकडून मिळावे त्या वनरक्षकाचे नावही घेतले. प्रार्थना करणारा मनुष्य मागणीत ढिला असतो असे कोणी समजू नये.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे. 1882 साली सरकारने नेमलेले हंटर ह्यांचे शिक्षण मंडळ पुण्यास आले, तेव्हा रमाबाईंनी त्यापुढे साक्ष दिली. त्या वेळी त्यांचे वय सुमारे चोवीस वर्षांचे होते व पतीचे निधन त्याच वर्षी झालेले होते. स्त्रियांची दशा वाईट आहे एवढेच बोलून त्या थांबल्या नाहीत. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्या, आणि स्त्रियांना वैद्यकी शिकवून स्त्री डॉक्टर करावे, कारण पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे न सांगता पुष्कळ स्त्रिया मरतात, अशी त्यांची मागणी होती. त्या मराठीत बोलल्या. हंटरसाहेबांच्या मनावर त्याचा असा परिणाम झाला की त्यांनी त्या साक्षीचे इंग्रजीत भाषांतर करवून ते निराळे छापविले. आपली भाषा मराठी आहे, आपल्याला साहेबी बोलणे येत नाही, म्हणून सभेत संकोचणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उदाहरणादाखल, समजा एका वस्तीतील हातपंप बंद आहे. एकजण ग्रामसभेत उठतो व म्हणतो, "आमच्याकडे कोणी बघतच नाही, सगळे मिळून खातात." सभा चिडते, दोन माणसे त्याच्यावर धावतात, आणि पुढचा विषय निघतो. दुसरा उठतो व म्हणतो, "सरपंचसाहेब आणि गावकरी मंडळी, आमच्या वस्तीत चाळीस घरे आहेत. हातपंप तीन महिने बंद आहे. शेजारच्या तांड्यातील बायाही त्याच पंपावर येत असत. आता सगळ्या मळ्यातल्या विहिरीवर जातात, व तिला कठडा नाही. पंप ह्या महिन्यात दुरुस्त व्हावा आणि तोवर विहिरीला कठडा बांधावा, असा ठराव आजच लिहावा, ही विनंती." दोघांचे दुःख एकच आहे. परंतु पहिल्याने सभेला भांडण दिले आणि दुसऱ्याने काम दिले.

चवथी गोष्ट, न भिता व न रागावता बोलावे. आमच्या जिल्ह्यातील तेर गावचे गोरा कुंभार ह्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी त्यांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याविषयी विचारले, हे कशासाठी? मडके कच्चे की पक्के हे पाहण्यासाठी, असे त्यांनी सांगितले. मग आम्हीही मडकीच, आम्हांस पाहा, असे ती म्हणाली, आणि गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारिले. सारे शांत बसले. एकट्या नामदेवांना तो अपमान वाटला, म्हणून ते मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव केवढे मोठे झाले हे महाराष्ट्र जाणतो. कच्चे मडके भाजून पक्के होते, हाही त्या कथेचा बोध आहे.

सभेत थापटणे पडतेच. तुम्हांला काय कळते, तुम्ही कोण, तुमची घरे किती, असे कोणी तरी टोचून बोलतो. तेवढ्याने जो रागावला त्याचा विषय तेथेच बुडतो, कारण मग सभा त्याच्या रागाविषयी बोलू लागते आणि पाण्याविषयी बोलणे राहून जाते. सौम्य उत्तराने क्रोध निवतो असे शलमोनाने शिकविले आहे. सौम्य म्हणजे दबके नव्हे. रमाबाईंविषयी त्यांच्या चरित्रात असे सांगितले आहे की, 1889 साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेत त्या बोलावयास उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा आवाज लहान म्हणून सभेत गडबड झाली. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की तुम्ही स्त्रियांना आवाज मोठा करण्याची संधीच कधी दिली नाही, तर तो लहान असल्यास नवल ते काय! मग सभा शांत झाली. त्या ओरडल्या नाहीत, बसल्याही नाहीत.

आणि ज्यांची जीभ खरोखरच जड आहे त्यांनी मोशेची आठवण करावी. मी बोलका नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. परमेश्वराने त्याला सोडले नाही. अहरोनाला त्याच्या जोडीला दिले. म्हणून जो मोजू शकतो पण बोलू शकत नाही, आणि जो बोलू शकतो पण मोजू शकत नाही, त्या दोघांनी एकत्र जावे. पाच बहिणीही एकत्र गेल्या होत्या.

पाचवी गोष्ट, लिहून घ्यावे व पुन्हा विचारावे. यरुशलेमेच्या सभेत जे ठरले ते तिने पत्रात लिहिले, आणि ते पत्र माणसांबरोबर पाठविले. सलाफहादाच्या मुलींना निवाडा मोशेच्या काळी मिळाला होता; परंतु यहोशवाच्या 17 व्या अध्यायात असे दिसते की वाटणीची वेळ आली तेव्हा त्या पुन्हा एलाजार, यहोशवा व सरदार ह्यांच्यापुढे आल्या आणि परमेश्वराची आज्ञा त्यांनी आठवून दिली. तेव्हा त्यांना वतन मिळाले. मोशे तोवर मरण पावला होता. ठराव झाला म्हणजे काम झाले असे समजून त्या घरी बसल्या असत्या, तर कदाचित निवाडा पुस्तकात राहिला असता आणि शेत दुसऱ्याचे झाले असते.

आपल्या राज्यातील कायदा ह्या बाबतीत आपणांस अनुकूल आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे व त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येकजण ग्रामसभेचा सभासद होय. त्यासाठी कोणाचे आमंत्रण लागत नाही. शंभर मतदार किंवा एकंदर मतदारांपैकी शेकडा 15, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे जमली म्हणजे सभेची गणपूर्ती होते. नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची निराळी सभा घ्यावी असाही नियम आहे. तेव्हा आपला ठराव कोणत्या शब्दांत लिहिला ते सभा उठण्यापूर्वी वाचून दाखवावयास सांगावे, आणि पुढच्या सभेत त्याचे काय झाले ते नम्रपणे विचारावे. वर्षभर तोच प्रश्न शांतपणे विचारणाऱ्या मनुष्याचे गावात वजन वाढते.

येथे कोणी म्हणेल, पाळकसाहेब, हे सर्व खरे, पण आम्ही थोडे, आम्ही गरीब. ज्यांच्या शेतात आम्ही मजुरीला जातो त्यांच्यापुढे बोललो तर उद्या काम मिळणार नाही. बंधूंनो, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. शास्त्रही तसे म्हणत नाही. उपदेशकाच्या 9 व्या अध्यायात एका लहान नगराची गोष्ट आहे. एका गरीब मनुष्याने आपल्या शहाणपणाने ते नगर वाचविले, आणि मागाहून कोणी त्याची आठवणही केली नाही. गरिबाचे शहाणपण तुच्छ मानितात, असे तेथे दुःखाने लिहिले आहे. म्हणून नीट बोललो म्हणजे नेहमी यश येईल, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. तरी देखील नगर वाचले, हे त्या गोष्टीत आहेच. आणि जो एकटा बोलू शकत नाही त्यासाठीच पाचजणींची हकीकत लिहिली आहे. पाचांना कामावरून काढणे एकाला काढण्याइतके सोपे नसते.

ह्या जिल्ह्यात 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचे राज्य होते. त्या काळी, फेब्रुवारी 1941 मध्ये, कसबे तडवळे येथे महार व मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. ज्यांना गावच्या चावडीत शिरण्याची मुभा नव्हती त्यांनी आपली सभा भरवून आपले गाऱ्हाणे मांडले. आज त्यांची नातवंडे व पतवंडे ग्रामसभेत हक्काने बसतात. हा हक्क पूर्वजांनी सोसून मिळविला आहे. तो जोड्यांजवळ बसून घालविणे शोभत नाही.

आता एक गोष्ट आपल्या स्वतःच्या मंडळ्यांविषयी. आपल्या वस्तीचा नळ, आपली दफनभूमी, आपले घरकुल, एवढ्याचसाठी जो उठतो त्याला गाव लवकरच ओळखते, आणि तो उठला की त्याच्या मागणीचा अंदाज आधीच करून ठेविते. परंतु जो तांड्यावरच्या मुलांच्या शाळेसाठी बोलला, पारध्याच्या रेशनकार्डासाठी बोलला, विधवेच्या पगारासाठी बोलला, तो जेव्हा आपल्या दफनभूमीसाठी उठेल तेव्हा त्याच्यामागे आणखी दहा तोंडे असतील. हे धोरण म्हणून करावे असे आम्ही सांगत नाही. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा आहे म्हणून करावे. पण आज्ञेतले शहाणपण असेच पुढे कळून येते.

दुसरे असे की, ज्याला बाहेरच्या सभेत बोलण्याचा हक्क पाहिजे त्याने घरच्या सभेत दुसऱ्याचा हक्क राखावा. 2011 पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. तरी कित्येक गावी सही बाईची आणि बोलणे तिच्या नवऱ्याचे असा प्रकार चालतो, व त्याला आपण हसतो. मग आपल्या पंचांच्या सभेत काय होते? पाळक बोलतो, उपदेशक बोलतो, मास्तर बोलतो. बायबलबाई चहा आणते. प्रेषितांची कृत्ये अध्याय 6 मध्ये ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होते अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ती दाबली नाही. सर्व शिष्यांस बोलावून सात माणसे निवडविली, आणि त्या सातांची नावे पाहिली तर ती सर्व ग्रीक आहेत. ज्यांच्या बाजूची तक्रार होती त्यांच्याच हाती काम सोपविले. जो अध्यक्ष आहे त्याचा प्रभाव त्याने किती बोलले ह्यावरून मोजू नये. जी कधी बोलत नव्हती ती त्याच्या सभेत बोलली की नाही, ह्यावरून मोजावा.

प्रिय वाचकहो, पुढची ग्रामसभा जवळ येईल तेव्हा एवढे करा. आदल्या आठवड्यात दोघे तिघे मिळून वस्तीतून फिरा. जे पाहाल ते कागदावर लिहा. एकच विषय निवडा. त्यावर प्रार्थना करा. सभेत मागे बसू नका; मध्यभागी बसा. पुढच्यांचे पूर्ण ऐका. मग उभे राहा, सभेला मान द्या, आकडा सांगा, मागणी करा, आणि बसा. कोणी टोचले तर हसून पुन्हा आकडा सांगा. ठराव वाचून घ्या, आणि पुढल्या खेपेस त्याचे काय झाले ते विचारा.

ज्या देवाने पाच पोरक्या बहिणींचे बोलणे ऐकले, आणि सर्व सरदारांसमक्ष त्या योग्य बोलत आहेत असे ठरविले, तो आजही दाराशी उभ्या राहणाऱ्यांचे ऐकतो. तो आपल्या जिभेला सत्य देवो, आपल्या कानांना धीर देवो, आणि आपल्या शेजाऱ्याच्या गरजेसाठी उठून उभे राहावयास आपल्या गुडघ्यांत बळ देवो. आमेन.